पंच्याहत्तर ओहमचा सत्कार

आयर्लंडमध्ये मलिंगारला लेकीकडे आल्यापासून पद्मजाबाईंना कुणाचाही राग आला नव्हता. राग यायला समोरचा माणूस आपल्या बरोबरीचा लागतो, असं त्यांचं मत होतं. त्यांना यायची ती कीव, आणि तीही फार वेळ टिकायची नाही. शेजारच्या घरातला माणूस भर पावसात गवत कापायचा, त्याची कीव. दुकानातली मुलगी ‘छान’ म्हणायचं म्हणून प्रत्येक वाक्याला ‘ग्रँड’ म्हणायची, तिची कीव. आणि खुद्द पोटची मुलगी सानिका, तिथल्या इस्पितळात डॉक्टर असलेली, कपाटाला ‘प्रेस’ म्हणायला शिकली होती, तिची तर सगळ्यात जास्त.

"आई, भाजणी प्रेसमध्ये आहे."

"आणि इस्त्री कशात ठेवतेस? फ्रिजमध्ये?"

तर त्या दिवशी पद्मजाबाई ओट्यापाशी उभ्या राहून सोऱ्यात चकलीचं पीठ भरत होत्या आणि सानिका खुर्चीत पाय वर घेऊन मोबाइल बघत होती. मराठी मित्रमंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम तासाभरावरच्या नावन गावात व्हायचा होता, त्याची पत्रिका ग्रुपवर आली होती. सानिका मोठ्यांदा वाचू लागली. गणेशवंदना, लहान मुलांचा नाच, फराळ. मग ती थांबली.

"‘संगणक-जाळ्याचे आद्य शिल्पकार श्री. सतीश हुपरीकर यांचा सत्कार व प्रात्यक्षिक.’ आई, तू पूर्वी भोसरीला ज्या कारखान्यात होतीस, तिथलेच का गं हे? खाली नाव दिलंय कारखान्याचं."

पद्मजाबाईंच्या हातातला सोऱ्या थांबला.

"आद्य," त्या म्हणाल्या. "आणि शिल्पकार."

"म्हणजे ओळखतेस."

"ओळखते की. शिल्पकलेतलं त्यांना एवढंच येत होतं, छिन्नी दुसऱ्याच्या बोटावर मारायची."

त्यांनी सोऱ्या पुन्हा फिरवायला घेतला. चकल्या मात्र त्या दिवशी सगळ्या एका बाजूने जळल्या.

गोष्ट पस्तीस वर्षांपूर्वीची. पद्मजा तेव्हा सत्तावीस वर्षांची होती आणि भोसरीच्या त्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून नवीनच लागली होती. कारखान्यातले सुटे-सुटे संगणक एकमेकांना जोडायचं ठरलं. आजच्यासारखं तेव्हा हवेतून काही जात नसे. एका संगणकावरचं दुसऱ्यावर पाठवायचं तर मध्ये केबल टाकावी लागे. करंगळीपेक्षा बारीक, काळी, आत तांब्याची तार, तिच्याभोवती पांढरं प्लास्टिक, त्याभोवती बारीक तारांची जाळी. टीव्हीच्या अँटेनाची केबलही दिसायला थेट तशीच. फरक एका आकड्याचा. संगणकाची पन्नास ओहमची, टीव्हीची पंच्याहत्तरची. नळाच्या पाइपाला पुढे भलत्याच मापाचा पाइप जोडला की पाणी जसं मागे उसळतं, तसा पंच्याहत्तरच्या केबलमध्ये निरोप टोकाशी आपटून उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्याच्या अंगावर जातो. दोनच यंत्रं असली, चार हातांचं अंतर असलं, तर चालून जातं. अंतर वाढलं, यंत्रं वाढली, की सगळा कारभार आटोपला.

हे पद्मजाने तिच्या विभागप्रमुखांना, म्हणजे सतीश हुपरीकरांना, तोंडी सांगितलं, फळ्यावर काढून सांगितलं, शेवटी हात जोडून सांगितलं. पण पन्नासची केबल बंगलोरहून यायची होती, तिला वेळ होता, आणि मोठे साहेब पाहणीला यायचे होते. हुपरीकरांना वेळ नव्हता. ते स्कूटरवरून बुधवार पेठेत गेले आणि टीव्हीच्या केबलचं भलं मोठं भेंडोळं पायाशी ठेवून परत आले.

"केबल ती केबल, पद्मजा. आत तांबंच आहे ना? तांब्याला काय कळतंय आपण टीव्हीला लागलोय का संगणकाला?"

सगळा विभाग हसला. साहेब आले, दोन यंत्रं शेजारीशेजारी ठेवून जोडली, निरोप या टोकाचा त्या टोकाला गेला, पेढे वाटले गेले. मग गोदाम जोडलं, हिशेबाचा विभाग जोडला, नकाशांचा विभाग जोडला, आणि सगळं आडवं झालं. गोदामातून लोखंडाची मागणी निघायची आणि कुठेच पोचायची नाही. कारखाना दोन दिवस हातावर हात ठेवून बसला. साहेबांनी विचारलं, ही केबल कोणी निवडली? हुपरीकर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "केबलचं काम पद्मजाकडे होतं साहेब. नवीन आहे. शिकेल."

तो ‘शिकेल’ पद्मजाबाईंच्या कानात पस्तीस वर्षं रुतून बसला होता. तेव्हा मात्र त्यांची वाचा बसली. त्यांची बदली झाली, वर्ष संपायच्या आत त्यांनी नोकरी सोडली आणि पुढची सगळी वर्षं एका पॉलिटेक्निकमध्ये मुलांना शिकवण्यात घालवली. इकडे बंगलोरची केबल आली, जाळं सुरळीत चाललं, आणि ते चालवल्याबद्दल हुपरीकरांना बढती मिळाली.

कार्यक्रमाच्या आधी दोन दिवस मंडळाच्या चिटणिसाचा फोन आला. रोहित नाव, आणि निघाला त्यांचाच जुना विद्यार्थी.

"मॅडम! तुम्ही मलिंगारमध्ये, आणि आम्हाला पत्ता नाही! सानिकाताईंनी सांगितलं तुम्ही हुपरीकर सरांबरोबर काम केलंय म्हणून. मी सरांना विचारलं तर लगेच म्हणाले, हो, होती एक पद्मजा, केबलच्या टोकाला कनेक्टर फार छान बसवायची. तर मॅडम, शनिवारी जरा लवकर येऊन स्टेजवर मदत कराल का? सर जुनी दोन मशिन जोडून दाखवणार आहेत."

"कनेक्टर," पद्मजाबाई म्हणाल्या.

"हो ना, आता ते कोणाला येतंय!"

"येते," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला. सानिकाला वाटलं होतं आई तोंडावर नकार देईल. पण सर्कशीत वाघ पिंजऱ्यात असतो तोवर बघून घ्यावा, अशा बुद्धीने पद्मजाबाई निघाल्या होत्या.

शनिवारी दुपारी मायलेकी करंज्यांचा डबा घेऊन पोचल्या तेव्हा नावनच्या एका खेळाच्या क्लबच्या हॉलमध्ये पताका लागत होत्या. भिंतीवर हातात बक्षिसाची ढाल घेतलेल्या, हर्लिंग या तिथल्या खेळाच्या संघांचे फोटो होते आणि त्यांच्याच खाली कुणीतरी आकाशकंदील टांगला होता. स्टेजवर टेबल, टेबलावर दोन जुने, पिवळट पडलेले संगणक. एका निवृत्त आयरिश शिक्षकाने ते गॅरेजमध्ये जपून ठेवले होते आणि मोठ्या मनाने वापरायला दिले होते. त्या दोघांच्या मध्ये एक नवीकोरी, पांढरीशुभ्र केबल होती.

पद्मजाबाईंनी चष्मा वर केला आणि केबल उचलून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. मग ताटात माशी दिसल्यावर घास खाली ठेवावा तशी केबल परत ठेवली.

"रोहित."

"हां मॅडम."

"ही कसली केबल आहे?"

"सीसीटीव्ही कॅमेऱ्याची आहे मॅडम. सरांनी आणली. टोकं बसवलेलीच येतात, एकदम सोपं. पाच आणल्यात, एकच लागली."

"किती ओहम?"

रोहित छत्तीस वर्षांचा होता, दोन मुलांचा बाप होता, डब्लिनच्या बड्या कंपनीत त्याच्या हाताखाली माणसं होती. तो प्रश्न ऐकून त्याचे खांदे पुन्हा तिसऱ्या बाकावर बसल्यासारखे झाले.

"पंच्याहत्तर," तो म्हणाला.

"आणि हवी किती?"

"पन्नास. मॅडम, पण अंतर चार हात आहे. काल घरी जोडून बघितलं, जातंय. इट्स ग्रँड."

"ग्रँड!" पद्मजाबाई म्हणाल्या. "मी तुम्हाला दोन-दोन तास फळ्यापाशी उभी राहून शिकवलं ते या एका शब्दासाठी?"

टेबलाखाली एक खोकं होतं. त्यात काय आहे म्हणून त्यांनी झाकण वर केलं, तर आत वेटोळं घालून ठेवलेली जुनी काळी केबल. अक्षरं पुसट होती, पण होती. पन्नास ओहम. त्या शिक्षकाने यंत्रांबरोबर तीही दिली होती, टोकाची टोपणंसुद्धा सुती रुमालात बांधून.

"ही असताना ती कशाला?"

रोहितने मान खाजवली. "सरांचं म्हणणं, ती धुळकट आहे, फोटोत बरी दिसत नाही. पांढरी उठून दिसते."

"आणि तू काय म्हणालास?"

"मॅडम, आशुतोष माझा मॅनेजर आहे."

हे आशुतोष म्हणजे हुपरीकरांचे चिरंजीव, मंडळाचे अध्यक्ष. हुपरीकर सध्या त्यांच्याकडेच नावनला मुक्कामाला होते. पद्मजाबाईंनी रोहितकडे असं बघितलं की तो पताका बघायच्या निमित्ताने स्टेजवरून खाली उतरला.

केबल बदलायला दोन मिनिटं पुरली असती. खोक्यातली काढायची, रुमालाने पुसायची, दोन टोकं फिरवून बसवायची. पद्मजाबाईंनी ते खोकं पायाने टेबलाखाली आणखी आत सारलं. पडू दे, त्या मनात म्हणाल्या. सगळ्या गावासमोर पडू दे. चार हातांत पंच्याहत्तरची चालून जाते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण यंत्रं जुनी होती आणि पंच्याहत्तरची जात दगाबाज. जन्मभर ज्या दग्याबद्दल त्यांनी पोरांना सावध केलं, त्याच्यावरच आज त्या भिस्त ठेवून दुसऱ्या रांगेत जाऊन बसल्या.

हुपरीकर आले. डोक्यावर पांढरे केस छान जमले होते, अंगात जाकीट, पायात मोजड्या. त्यांनी पद्मजाबाईंना लगेच ओळखलं.

"अरे, पद्मजा! तशीच आहेस की. काय, मुलीकडे का? छान, छान. हवा काय सुंदर आहे इथली, नाही?"

बाहेर आडवा पाऊस लागला होता.

"बरी आहे," पद्मजाबाई म्हणाल्या.

शाल झाली, श्रीफळ झालं. श्रीफळ कुठल्याशा आशियाई दुकानातलं, शेंडी नसलेलं, टकलू होतं. मग हुपरीकर बोलायला उभे राहिले. बोलणं त्यांना पहिल्यापासून यायचंच. पुणं कसं होतं, संगणक म्हणजे काय हे कुणाला कसं माहीत नव्हतं, आपण कसे झपाटले होतो. हॉलमध्ये शंभरावर माणसं होती आणि त्यातली निम्मी संगणकावर पोट भरणारी. पण त्यांचं सगळं काम क्लाउडवर, म्हणजे ढगात. केबलचं टोक त्यांच्यातल्या कुणी हातात घेतलं असेल तर ते फोन चार्ज करायलाच. ती सगळी माना डोलावत होती.

"आणि मग एक मजा झाली," हुपरीकर म्हणाले. "आमच्या विभागात एक नवीन इंजिनिअर होत्या. नाव घेत नाही, बरं दिसत नाही, कारण त्या आज इथे बसल्या आहेत." इथे लोक हसले. "त्यांनी उत्साहाच्या भरात काय आणावं? टीव्हीची केबल! पंच्याहत्तर ओहम! मी म्हटलं, अगं बाई, ही पन्नासची लागते. पण तोवर अख्खी टाकून झाली होती. कारखाना बंद! मग मी बंगलोरला माणूस पाठवला, योग्य केबल आणवली, आणि जाळं उभं राहिलं. मुलांनो, लक्षात ठेवा. दिसायला सारखं असलं म्हणून सगळं सारखं नसतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सानिकाने वळून आईकडे पाहिलं. आईचा चेहरा भाजी महाग निघाल्यावर व्हावा तेवढाच बदलला होता. पण मांडीवरची पर्स तिने दोन्ही हातांनी आवळून धरली होती.

"आई, हे तुझ्याबद्दल—"

"गप्प बस. बघ आता."

पन्नास ओहमची महती सांगून झाल्यावर हुपरीकर पंच्याहत्तर ओहमच्या पांढऱ्या केबलपाशी गेले, तिला दोन बोटांनी उचलून फोटोसाठी धरलं, आणि एका यंत्रावर इंग्रजी अक्षरांत ‘शुभ दीपावली’ टाइप केलं. पहिला संगणक विचार करत राहिला. दुसऱ्याच्या काळ्या पडद्यावर काहीच नव्हतं. पद्मजाबाईंच्या ओठांचा कोपरा किंचित वर गेला. आणि तेवढ्यात हिरवी अक्षरं टिपटिप करत उमटली. शुभ दीपावली.

हॉल उभा राहिला. कुणीतरी शिट्टी मारली.

"पद्मजा, ये ना वर!" हुपरीकर माइकमध्ये म्हणाले. "ये, ये. आपल्या जुन्या सहकारी आहेत. जुने दिवस आठवले की नाही?"

पद्मजाबाई उठल्या. त्या पायऱ्या चढल्या, टेबलापाशी गेल्या, पांढरी केबल हातात घेतली आणि माइक मागितला.

"या केबलवर काय छापलंय ते वाचते," त्या म्हणाल्या. वर्गातला आवाज होता तो, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "पंच्याहत्तर ओहम. कॅमेऱ्याची केबल आहे ही. टीव्हीचीच बहीण. योग्य केबल टेबलाखाली खोक्यात पडली आहे, धुळकट दिसते म्हणून. आणि भोसरीला टीव्हीची केबल मी आणली नव्हती. हुपरीकर साहेबांनी आणली होती. स्वतःच्या स्कूटरवरून. मी नको म्हणत होते."

पद्मजाबाईंना वाटलं, झालं. पस्तीस वर्षांनी का होईना, सांगून झालं.

मग मागून कुणीतरी, कुणाचा तरी तरुण नवरा असावा, म्हणाला, "पण काकू, चालली ना?"

"हो, मेसेज तर आला," दुसरा म्हणाला.

आणि हुपरीकर मनापासून हसले. "अगं, तेच तर सांगतोय मी! चालली! तांबं ते तांबं!"

लोक हसले. कुजकं हसणं नव्हतं ते. घरातल्या दोन म्हाताऱ्यांचा लटका वाद ऐकून हसावं तसं, प्रेमाने हसले. मान डोलावणारे मघाशी पन्नासला डोलावत होते, आता पंच्याहत्तरला डोलावत होते.

"लांब करून दाखवा," पद्मजाबाई म्हणाल्या. "आणखी चार केबली आहेत तुमच्याकडे. सगळ्या एकमेकींना जोडा आणि मग पाठवा निरोप. बघू."

आशुतोष लगबगीने पुढे आला. "काकू, फारच छान मुद्दा. पण वेळेअभावी... मुलांचं लेझीम आहे पुढे, मुलं कधीची खोळंबली आहेत." त्याने माइक इतक्या हळुवारपणे काढून घेतला की तो हातातून गेल्याचं पद्मजाबाईंना टाळ्या सुरू झाल्यावर कळलं.

त्या खाली येऊन बसल्या. लेझीम झालं. गाढवापुढे वाचली गीता, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. पण गाढवं निदान टाळ्या वाजवत नाहीत.

जेवणाच्या रांगेत हुपरीकर स्वतःच ताट घेऊन त्यांच्यापाशी आले. चेहऱ्यावर ना राग, ना लाज.

"मघाशी तू काय म्हणत होतीस, मला नीट ऐकू आलं नाही. या कानाने जरा कमी येतं."

"भोसरीची टीव्हीची केबल तुम्ही आणली होतीत."

"मी?" हुपरीकरांनी विचार केला. खरोखर केला, कपाळाला आठ्या घालून. पद्मजाबाई त्यांच्या डोळ्यांत बघत होत्या. तिथे लबाडी असती तर त्यांना बरं वाटलं असतं, कारण लबाडाशी भांडता येतं. पण तिथे काहीच नव्हतं, झाडून काढलेल्या खोलीसारखं.

"मी आणली होती का?" ते म्हणाले. "असेल, बाई. पस्तीस वर्षं झाली. असेल."

"असेल नाही. होतं."

"बरं, होतं. मग?"

मग? या प्रश्नाची तयारी पद्मजाबाईंनी केलेली नव्हती. त्यांच्या मनातल्या सगळ्या भांडणांत हुपरीकर नाकारत होते, ओरडत होते, शेवटी मान खाली घालत होते. ‘मग’ असं एकदाही म्हणाले नव्हते.

"मग पुढच्या वेळी सांगाल तेव्हा बरोबर सांगा," त्या म्हणाल्या. "पन्नासची केबल लागते असं पद्मजा म्हणाली होती. माझं नाव घेऊन सांगा. नाव घेतलं तर बरंच दिसतं."

"सांगतो की! त्यात काय," हुपरीकर म्हणाले. "मसालेभात मस्त झालाय, घेतलास का? आणि मठ्ठा कुठे ठेवलाय गं?"

पद्मजाबाईंनी मठ्ठ्याकडे बोट दाखवलं. एवढ्याशा माणसासाठी आपण नोकरी सोडली, त्यांना वाटलं. यापुढे त्याची कीव करणंही कष्टाचं होतं.

परतीच्या वाटेवर पाऊस थांबला होता आणि अंधारून आलं होतं. सानिकाने खोदून खोदून विचारल्यावर भोसरीची बदली, सोडलेली नोकरी, सगळं बाहेर आलं होतं. सानिका गाडी अशी चालवत होती की प्रत्येक वळण तिचं वैरी असावं.

"मला कधी सांगितलं नाहीस तू."

"त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

"तुझी नोकरी गेली, आई! आणि तो माणूस तिथे शाल घेऊन मिरवतोय. मी ग्रुपवर लिहिणार आहे. सगळं."

"काही लिहू नकोस. ओहम म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना न्याय कसला मागतेस?"

पण सानिकाने वाटेतल्या अथबॉय गावी पेट्रोल पंपापाशी गाडी उभी केली आणि लिहिलंच. चांगलं लिहिलं, डॉक्टरी, मुद्देसूद. कोण काय म्हणालं, कोणी काय आणलं, कोणाची बदली झाली. पाठवलं आणि दोघी त्या छोट्या पडद्याकडे बघत बसल्या. आधी एक अंगठा आला. मग जोडलेले हात. मग आणखी अंगठे. ‘खूप प्रेरणादायी!’ असं एकीने लिहिलं. ‘दोघांच्याही कार्याला सलाम.’ आणि त्याच्या लगेच खाली, ‘करंज्यांचा मोठा स्टीलचा डबा कोणाचा राहिलाय? हॉल बंद करायचा आहे.’

पद्मजाबाई हसल्या. कितीतरी दिवसांनी पोटातून हसल्या.

"आपलाच आहे," त्या म्हणाल्या. "फिरव गाडी."

"राहू दे ना आता, रोहित आणून देईल."

"माझ्या सासूबाईंचा डबा आहे तो. या माणसांच्या भरवशावर मी चमचासुद्धा ठेवणार नाही."

हॉलमध्ये दिवे निम्मे मालवलेले होते. खुर्च्या रचून ठेवल्या होत्या, आकाशकंदील उतरवला होता. सगळे गेले होते आणि स्टेजवर एकटा रोहित गुडघ्यावर बसला होता. पांढऱ्या केबली एकीला एक जोडून त्याने हॉलभर फिरवल्या होत्या, रचलेल्या खुर्च्यांच्या मागून, दारापाशी, परत स्टेजवर. चोरी करताना सापडल्यासारखा तो उठून उभा राहिला.

"मॅडम. मी लांब करून बघितलं."

"मग?"

"अर्धे मेसेज पोचतच नाहीत. एखादा जातो, मग बराच वेळ अडकून राहतो. मग ती काळी लावली त्या खोक्यातली, तीही तेवढीच लांब. तिने सगळे गेले."

"हे मला माहीत आहे," पद्मजाबाई म्हणाल्या. "तुलाही माहीत होतं. मघाशी तोंडाला काय झालं होतं?"

रोहित केबल गुंडाळायला लागला. कोपरापासून अंगठ्यापर्यंत, नीट, पीळ न पडू देता, जशी त्यांनीच शिकवली होती तशी.

"आता हे कोणाला सांगणार आहेस?" त्यांनी विचारलं.

तो गुंडाळतच राहिला.

"आशुतोषला?"

"सोमवारी बघतो मॅडम. वेळ बघून. म्हणजे, सरांचं वय..."

"वय माझंही झालंय," पद्मजाबाई म्हणाल्या. "तू सांगू नकोस. वरातीमागून घोडं नाचवायला तूच कशाला हवास? पण त्या शिक्षकाला यंत्रं परत द्यायला जाशील तेव्हा एवढं कर. केबल त्याने बरोबर दिली होती हे त्याला सांग. एका तरी माणसाला खरं सांगितल्यासारखं होईल, आणि त्या माणसाकडून तुझी बढती काही अडायची नाही."

रोहितचे कान लाल झाले. पद्मजाबाईंना वाईट वाटलं नाही. वाटावं असं एक क्षणभर त्यांच्या मनात आलं, कारण पोरगा हुशार होता, आणि सगळे गेल्यावर का होईना, त्याने जोडून बघितलं होतं. पण गपचूप खरं बाळगणाऱ्यांचं कौतुक करायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. त्यांच्यातच त्या स्वतः पस्तीस वर्षं बसल्या होत्या.

डबा स्वयंपाकघरात धुऊन पालथा ठेवलेला मिळाला. त्या तो काखेत घेऊन बाहेर आल्या. सानिकाने गाडीत हीटर लावून ठेवला होता.

"मिळाला?"

"मिळाला," पद्मजाबाई पट्टा लावत म्हणाल्या. "झाकण कुणीतरी दुसऱ्याचंच लावलंय. बसतच नाही."